नावाचा क्रम

मडिकेरीत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एका रिक्षाचालकाने माझी एक चूक सुधारली. चूक अगदी साधी होती आणि त्याने ती सुधारलीही अगदी सौम्यपणे, पण घरी परतून कित्येक आठवडे लोटले तरी ती मनातून जात नाही. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. कर्नाटकातल्या कोडगूत, म्हणजे कूर्गमध्ये, पाऊस ओसरत आला की तो पडतो असे म्हणवत नाही, तो हवेत तरंगत राहतो. छत्री उघडावी तर थांबतो आणि मिटावी तर केसांवर बारीक थेंब साचतात. खासगी बस स्थानकाजवळच्या चौकात मी अशीच छत्री उघडत-मिटत उभी होते. विराजपेटेच्या, गोणिकोप्पलच्या, सोमवारपेटेच्या गाड्यांचे वाहक गावांची नावे लांबवून पुकारत होते, डिझेलच्या धुरात जवळच कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा करपट-गोड वास मिसळला होता, आणि या सगळ्या धावपळीच्या मध्यभागी हवाईदलाच्या एका अधिकाऱ्याचा पुतळा पावसात भिजत उभा होता. जवळ जाऊन मी नाव वाचले: स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या, महावीर चक्र. वाचले ते आपल्या सवयीने, म्हणजे पहिला शब्द माणसाचा, दुसरा वडिलांचा, तिसरा आडनावाचा. दुसऱ्या दिवशी बाजारातून परतताना रिक्षात बसले आणि म्हणाले, ‘अज्जमाड सर्कल.’ चालक बुचकळ्यात पडला. त्याने मागे वळून पाहिले, क्षणभर विचार केला आणि मग त्याचा चेहरा उजळला. ‘अज्जमाड पुष्कळ आहेत,’ तो मोडक्या हिंदीत म्हणाला, ‘ते घराणे. पुतळा आहे तो देवय्यांचा.’

कोडवा लोकांत घराण्याला ‘ओक्का’ म्हणतात आणि नावात ओक्का सर्वांत आधी येतो. मग वडील, आणि शेवटी तो माणूस स्वतः. आपल्याकडे माणूस दारात येऊन उभा राहतो आणि त्याच्यामागे वडील व घर दिसते. तिकडे आधी घराचे दार उघडते आणि आतून एकेक करून शेवटी माणूस बाहेर येतो. मी त्या दारावरच थांबले होते. एका माणसाला मी त्याच्या सबंध कुळाच्या नावाने हाक मारली होती आणि त्याचे स्वतःचे नाव, जे अगदी शेवटी कोरलेले होते, ते उच्चारलेच नव्हते. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ही गोष्ट मी संध्याकाळपर्यंत विसरून गेले असते. पण देवय्यांच्या बाबतीत नाव हरवणे ही साधी गोष्ट नाही.

या माणसाचे नेमके काय झाले, हे आपल्याकडे कित्येक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते.

७ सप्टेंबर १९६५. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानी हवाईदलाने पठाणकोटसह आपल्या तळांवर हल्ले चढवले होते, आणि त्याला उत्तर म्हणून पहाटे सरगोध्यावर जायचे ठरले. सरगोधा म्हणजे पाकिस्तानी हवाईदलाचे काळीजच. आदमपूरहून पहिल्या स्क्वाड्रनची बारा मिस्टेअर विमाने निघायची होती आणि त्यांचे नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्याकडे होते. देवय्या त्या बारांत नव्हते. ते राखीव वैमानिक होते. युद्ध सुरू होण्यापूर्वी ते प्रशिक्षकाचे काम करत होते, म्हणजे इतरांना उडायला शिकवणारा हा माणूस. तुकडीतली एक जागा रिकामी पडली आणि ते निघाले. अंधारात उड्डाण, रडारला दिसू नये म्हणून जमिनीलगतचा प्रवास, वाट दाखवायला नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ, आणि इंधन इतके मोजून नेलेले की वाटेत झुंजायची वेळ आली तर परतीचा हिशेबच कोलमडावा. राखीव म्हणून थांबलेल्या माणसाला ते इंधन, ते अंतर, तो हिशेब पूर्ण ठाऊक असणार, हे मला पुन्हा पुन्हा जाणवत राहते. जागा रिकामी झाली तेव्हा त्यांना न जाण्याचीही मुभा असेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि लगेच तो प्रश्नच मला गैरलागू वाटतो. तो माझ्यासारख्या माणसाला पडणारा प्रश्न आहे.

तिथे त्यांची गाठ एका पाकिस्तानी स्टारफायटरशी पडली. हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, आखूड पंखांचे, एखाद्या भाल्यासारखे. मिस्टेअर हे त्याच्या मानाने जुने. सपाट उड्डाणात ते ध्वनीचा वेगसुद्धा ओलांडू शकत नव्हते. स्टारफायटरमध्ये फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन होते. त्यांच्या तोफेच्या माऱ्याने देवय्यांच्या विमानाला जबर इजा झाली आणि ते आता संपले असे समजून अमजद दुसऱ्या विमानाच्या मागे वळले. संपलेले ते विमान मात्र लढायला परत आले. वेग कमी झाला आणि वळणावळणांची झुंज सुरू झाली की भाल्यापेक्षा कोयता सरस ठरतो. मिस्टेअर स्टारफायटरपेक्षा लहान घेर घेऊन वळू शकत असे. देवय्यांच्या गोळ्या लागल्या, स्टारफायटर कोसळले आणि अमजद हवाई छत्रीने उतरून वाचले. देवय्या वाचले नाहीत. त्यांचे वय ३२ वर्षांचे होते. त्यांच्या सोबत्यांपैकी कोणीही ही झुंज पाहिली नव्हती. परतलेली विमाने मोजली तेव्हा एक कमी भरले, आणि आदमपूरच्या कागदांत ‘बेपत्ता’ अशी नोंद झाली. घरी पत्नी होती आणि दोन मुली होत्या.

ही हकीकत आपल्याला कळली ती शत्रूकडून. १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानच्या बाजूने त्या हवाई युद्धाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यात सरगोध्याजवळ एक स्टारफायटर एका मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत पडल्याचे नमूद होते. आपल्या बाजूने असा दावा कोणीच केलेला नव्हता, कारण दावा करणारा परत आलाच नव्हता. मग कोणते मिस्टेअर? त्या सकाळी जे परतले नाही ते. तनेजांनी तो धागा धरला, पाठपुरावा केला, आणि १९८८ मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. या घटनेकडे पाहताना माझ्या मनात अभिमान आणि खंत अशा गुंतलेल्या आहेत की एक ओढावे तर दुसरी हाताला येते. ज्या माणसाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ज्याला त्यांनी पाडले, तोच त्यांच्या शेवटच्या क्षणांचा एकमेव साक्षीदार. तो जर त्या दिवशी वाचला नसता, तर देवय्यांची झुंज कोणालाही कधीच कळली नसती. अमजद हुसेन पुढे १९७१ च्या युद्धातही लढले, अमृतसरजवळ पुन्हा पाडले गेले आणि युद्धकैदी म्हणून भारतात आले. त्या कैदेच्या काळात देवय्यांचा ठावठिकाणा सांगू शकणारा माणूस आपल्याच देशात होता, या विचाराने मी अस्वस्थ होते. दोष कोणाचा नाही. कोणी विचारावे, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

पाकिस्तानातूनच आणखी एक गोष्ट कळली. तिथल्या गावकऱ्यांना त्यांचा देह शेतात सापडला आणि त्यांनी तो तिथेच पुरला. या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबते. सप्टेंबरमध्ये पंजाबात शेते उभी असतात. डोक्यावरून विमाने घरघरत आहेत, स्फोट ऐकू येत आहेत, आणि काही माणसे फावडी घेऊन एका परक्या गणवेशातल्या तरुणासाठी खड्डा खणत आहेत. त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. माझ्यासारखे चुकीच्या क्रमानेसुद्धा नाही. तरी त्यांनी त्याला उघड्यावर टाकले नाही. त्यांचे आभार कोणत्या पत्त्यावर पाठवायचे?

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे सैन्यात जाणे नवे नाही आणि परत न येणेही नवे नाही. अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्यांची आठवण म्हणून गावात स्मारक आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवरचा मजकूर ठराविक असतो: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचे नाव बदलते, आकडा बदलतो, बाकी मजकूर तोच. लहानपणी अशी एक पाटी मी रोज शाळेत जाताना पाहत असे. आकड्याच्या खाचेत बोट घातले की दगड थंड लागायचा. त्या आकड्याच्या आत कोण कोण होते, हे मी कधी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

त्याहून जुना आहे तो आमच्या मारुतीच्या देवळामागचा वीरगळ. तीन चौकटींचा, शेंदराने आणि तेलाने इतका माखलेला की कोरीव काम चाचपूनच ओळखावे लागते. सगळ्यांत खाली लढाई, तलवार उगारलेला वीर आणि त्याच्या पायाशी पडलेली माणसे. मधल्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र व सूर्य, ते आहेत तोवर याची कीर्ती राहो म्हणून. आजी दर सोमवारी तिथे तेल घालायची. ‘कोणाचा गं हा?’ असे विचारले की ती म्हणायची, ‘आपलाच कोणीतरी.’ चंद्रसूर्य जागेवर आहेत आणि नाव गेले. वीरगळ हा शब्द आपल्याकडे कन्नडमधून आला, वीर आणि कल्लु, म्हणजे वीराचा दगड. मडिकेरीच्या चौकात उभी असताना मला हे आठवले, आणि त्या मधल्या चौकटीचा अर्थ प्रथमच वेगळा वाटला. जमीन सुटलेली, आकाश अजून संपलेले नाही, आणि माणूस अधांतरी. देवय्या त्यांच्या माणसांसाठी २३ वर्षे त्या मधल्या चौकटीत होते.

काही जण अजूनही तिथेच आहेत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानात शोरकोटवर पडले. त्याच सुमारास ढाक्याहून निघणाऱ्या एका पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे नाव छापून आले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी, एका चुकीच्या अक्षराने छापलेल्या त्या नावाचा माग काढत राहिल्या. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग स्वतः पाहून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. रिक्षाचालकाने माझी चूक सुधारली त्या रात्री मला हा ‘टॉम्बे’ आठवला आणि झोप लागली नाही. एक नाव चुकीचे लिहिलेले, आणि कोणाचे तरी सारे आयुष्य त्या चुकीला बांधलेले.

मडिकेरीत पुतळे पुष्कळ आहेत. फील्ड मार्शल करिअप्पा आहेत, जनरल थिमय्या आहेत. एवढ्याशा गावात दर वळणावर कोणी ना कोणी गणवेशात उभे असते. करिअप्पांचा मुलगाही त्याच १९६५ च्या युद्धात लढाऊ वैमानिक होता. युद्धाच्या अगदी शेवटी त्याचे हंटर विमान पाडले गेले आणि तो पाकिस्तानच्या हाती सापडला. पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अयुब खान एके काळी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी मुलाला सोडण्याची तयारी दाखवली आणि करिअप्पांनी ती सवलत नाकारली, सगळेच युद्धकैदी माझी मुले आहेत म्हणून. मुलगा पुढे इतरांबरोबर सुखरूप परतला. ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि ती ऐकावी अशीच आहे. पण त्याच मातीतले, त्याच महिन्यात, त्याच शत्रूच्या आकाशात गेलेले दुसरे नाव आपल्यापैकी किती जणांच्या कानावरून गेले होते? माझ्या तरी नाही. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर एका बस स्थानकाजवळ मला ते भेटले, आणि तेही मी उलटे वाचले.

आम्ही उतरलो होतो ते घर गावापासून थोडे दूर, कॉफीच्या मळ्यात होते. यजमान सत्तरीचे, आम्ही त्यांना अंकल म्हणत होतो आणि तेही ‘या, बसा’ एवढे मराठी आमच्याकडून शिकले होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात त्यांची बंदूक उभी होती आणि तिच्या नळीच्या तोंडात एक वाळत चाललेले फूल खोवलेले होते. टोके वर वळलेल्या, नागमोडी कडांच्या पाकळ्या, मुळाशी पिवळ्या आणि वर लाल. मी जवळ जाऊन पाहिले आणि ओळखले. ही आपली कळलावी, सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणांवर चढणारी. ‘तोक पू,’ अंकल म्हणाले. तोक म्हणजे बंदूक, पू म्हणजे फूल. कैलपोळ्द हा त्यांचा शस्त्रपूजेचा सण सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो. लावणीचे कष्ट संपलेले असतात, हत्यारे स्वच्छ करून पूजेत मांडतात आणि बंदुकीला हे फूल वाहतात. सण नुकताच होऊन गेला होता. पाकळ्या काळपटल्या होत्या आणि बोटाने स्पर्श केला तर गळतील अशा झाल्या होत्या, म्हणून मी हात मागे घेतला.

कोडवांच्या घरात बंदूक ही घरातल्या माणसासारखी असते. मुलगा जन्मला की अंगणात एक बार काढतात. माणूस गेला की लागोपाठ दोन. डोंगराळ मुलूख, घरे एकमेकांपासून लांब, मध्ये मळे आणि रान. पूर्वी निरोप धाडायला दुसरे साधन नव्हते. दोन बार ऐकले की आसपासचे लोक हातातले काम टाकून आवाजाच्या रोखाने चालू लागत. अंकलनी हे सांगितले ते अगदी सहज, कॉफीत साखर किती घालू हे विचारता विचारता. माझ्या मनात मात्र तेव्हापासून एकच गोष्ट घर करून बसली. जो बेपत्ता आहे त्याच्यासाठी ते दोन बार कधी काढायचे? तार आली त्या दिवशी काढावेत, तर आशा आपल्याच हाताने मारल्यासारखे होते. काढू नयेत, तर किती वर्षे? आणि बंदूक उचलायची कोणी? मी हे अंकलना विचारले नाही. काही प्रश्न पाहुण्याने विचारायचे नसतात.

त्यानंतर दोन संध्याकाळी मी पुन्हा त्या चौकात गेले. खरे सांगायचे तर पहिल्यांदा मला ती जागा आवडली नव्हती. एवढ्या मोठ्या बलिदानाचे स्मारक आणि भोवती भोंगे, केळ्यांच्या हातगाड्या, वाहकांची ओरड. कुठेतरी टेकडीवर, झाडांच्या सावलीत, शांततेत असते तर, असे वाटले होते. दुसऱ्या संध्याकाळी मत बदलले. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली तिथेच बसची वाट पाहत गृहपाठाची वही एकमेकींना दाखवत होत्या. एक म्हातारे गृहस्थ पिशवी खाली ठेवून उभे राहिले, खिशातून चष्मा काढून त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला आणि बसच्या पाट्या वाचू लागले. कोणीतरी फोनवर मोठ्याने सांगत होते, आणि त्या अनोळखी भाषेतले दोनच शब्द मला कळले: देवय्या सर्कल. म्हणजे, मी देवय्यांपाशी उभा आहे, तू इथेच ये. टेकडीवरच्या शांत स्मारकाला वर्षातून एकदा हार मिळाला असता. इथे हे नाव दिवसातून शेकडो वेळा तोंडात येते, भेटायच्या जागेचे नाव म्हणून, उतरायच्या थांब्याचे नाव म्हणून. ज्या माणसाचा ठिकाणा कोणालाच सांगता येत नव्हता, त्याच्या नावाने आता सारे गाव आपापला ठिकाणा सांगते.

निघायच्या दिवशी पहाटे मी जागीच होते. खिडकीबाहेर धुके इतके होते की कॉफीची पहिली रांगसुद्धा दिसत नव्हती. पन्हळीतून पाणी ठिबकत होते. आणि अचानक, लांबून, खालच्या दरीच्या बाजूने, एक बार झाला. मी श्वास रोखला. लगेच दुसरा झाला.

ओसरीवर अंकल आधीच येऊन उभे होते. हातातला कॉफीचा पेला त्यांनी कठड्यावर ठेवला आणि मान किंचित कलती करून ते ऐकत राहिले, आवाज विरला तरी ऐकत राहिले. मग आत गेले. थोड्या वेळाने पांढरे कपडे करून बाहेर आले, माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त मान हलवली आणि दरीच्या वाटेला लागले. फाटकापर्यंत ते दिसत होते. पुढे धुके होते. धुक्यात आणखी कोणाची तरी पावले ऐकू येत होती, पलीकडच्या मळ्यातून कोणीतरी त्याच दिशेने निघाले होते. कठड्यावरच्या पेल्यातून बराच वेळ वाफ येत राहिली.

साडेआठला रिक्षा आली, तीच. सामान ठेवून झाल्यावर चालकाने कुठे, असे विचारले नाही. चौकात गाडी थोडी थांबली. पुढे विराजपेटेची बस वळत होती आणि तिचा वाहक मागे उभा राहून हाताने ‘ये, ये’ करत होता. पाऊस नव्हता. पुतळ्याच्या खांद्यांवर रात्रीचे पाणी अजून वाळायचे होते. मी ते नाव आधी आमच्या पद्धतीने उलटे करून मनात म्हटले, देवय्या बोपय्या अज्जमाड. मग तिथल्या पद्धतीने, आधी घर, मग वडील, आणि शेवटपर्यंत जाऊन, हलक्या आवाजात, चालकाला ऐकू जाईल इतक्या, अज्जमाड बोपय्या देवय्या. बस वळून गेली आणि रिक्षा पुढे निघाली.